स्त्रीचे वार्धक्य: म्हैसूरच्या नोंदवह्या काय सांगतात



एका शिक्षिकेच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आपल्या मंडळाने मला बोलावले. विषय निवडायची मोकळीक मला होती. पण म्हैसुरात यायचे, बायकांच्या आरोग्यावर बोलायचे आणि मंडी मोहल्ल्यातल्या मिशन हॉस्पिटलच्या जुन्या वह्यांबद्दल काहीच म्हणायचे नाही, हे मला जमण्यासारखे नव्हते.

आपल्यापैकी कित्येकांचा, कित्येकांच्या आयांचा जन्म त्या इस्पितळात झाला असेल. त्याचे पूर्ण नाव सीएसआय होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल. १९३४ पासून तिथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर लिहून ठेवायची पद्धत होती. वजन अर्थातच पौंडात. सोबत आईचेही वजन. रात्री-अपरात्री बाळंतपणे उरकून, हात धुऊन, ज्या परिचारिकांनी हे आकडे वहीत मांडले त्यांना साठ वर्षांनी त्यांचे काय होणार याची कल्पना असणे शक्य नव्हते. रोजचे काम नीट करायचे, एवढेच त्यांनी केले. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात या बायकांना जागा मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

पुढे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर, कॅरोलिन फॉल आणि त्यांचे सहकारी या वह्यांपर्यंत पोहोचले. १९३४ ते १९५४ या काळात तिथे जन्मलेली आणि अजून आसपास राहणारी ५१७ माणसे त्यांनी शोधून काढली, त्यांची हृदये तपासली आणि १९९६ साली निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. जन्मताना ज्यांचे वजन अडीच किलो किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण ११ टक्के निघाले. सव्वातीन किलोच्या आसपास किंवा त्याहून वजनदार जन्मलेल्यांत ते ३ टक्के होते. आणि ज्यांचे स्वतःचे वजन जन्मतः कमी आणि ज्यांच्या आईचे वजनही गरोदरपणात ४५ किलोच्या खाली, त्यांच्यात २० टक्के.

या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबू. ४५ किलोपेक्षा कमी वजनाची गरोदर बाई म्हणजे कोण? भावाच्या ताटात जे पडले ते जिच्या ताटात पडले नाही अशी मुलगी. अंग भरायच्या आत लग्न झालेली, सगळ्यांचे जेवण आटोपल्यावर पातेल्याला लागलेले खरवडून खाणारी सून. तिच्या उपासमारीची खूण तिच्या पोटातल्या बाळाने पन्नास वर्षे अंगात वागवली. ते बाळ मुलगी असेल तर तिने ती आणखी पुढे दिली.

असेच काम आपल्या पुण्यात झाले. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडच्या बाळांच्या मानाने बरीच लहान. पण त्यांच्या कातडीखालची चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. कमी होते ते मांस. दिसायला कृश आणि आतून चरबीयुक्त अशी ही बाळे पुढे मधुमेहाकडे झुकतात. बाई लठ्ठ नसतानाही तिला चाळिशीत साखर का होते, याचे निदान एक उत्तर तिथे मिळते.

मिशन हॉस्पिटलमध्येच १९९७-९८ च्या सुमारास दुसरा अभ्यास सुरू झाला, पार्थेनॉन नावाचा. त्यातल्या ४३ टक्के गरोदर बायकांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला त्यांना पाच वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतल्या ३७ टक्के बायका मधुमेही झालेल्या होत्या. बाकीच्यांत हे प्रमाण अवघे २ टक्के. गट लहान होता, तरी इशारा स्पष्ट आहे. बाळंतपणात वाढलेली साखर बाळंतपणानंतर ‘गेली’ म्हणून बाई निश्चिंत होते, सासूबाई निश्चिंत होतात, आणि तपासणी थेट पन्नाशीत होते. इथे बसलेल्या आज्यांना माझी विनंती आहे की आपल्या सुनेची, लेकीची ती जुनी साखर लक्षात ठेवा आणि दरवर्षी तिला तपासायला घेऊन जा.

पोटातल्या पोषणाचे झाले. म्हातारपण घडवणाऱ्या दुसऱ्या गोष्टीकडे, शाळेकडे, आता येते.

हे शहर मुलींच्या शिक्षणात उशिरा जागे झालेले नाही. महाराणींच्या नावाची मुलींची शाळा इथे १८८१ साली निघाली आणि पुढे तिचे कॉलेज झाले. १८९४ साली म्हैसूर संस्थानाने आठ वर्षांखालच्या मुलीचे लग्न लावायला कायद्याने बंदी केली, आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालच्या मुलीशी लग्न करण्यालाही. आठ वर्षे ही मर्यादा आज वाचताना अंगावर काटा येतो, पण ब्रिटिश मुलखात शारदा कायदा यायला १९२९ उजाडावे लागले. शहराच्या मधून जाणाऱ्या रस्त्याला ज्या सयाजीरावांचे नाव आहे, त्यांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींसाठीसुद्धा. १९१६ हे वर्ष तर दोन्हीकडे सारखेच मोलाचे: म्हैसूर विद्यापीठ त्या साली सुरू झाले आणि धोंडो केशव कर्व्यांचे महिला विद्यापीठही.

या सगळ्यांच्या मनात मुलींनी शिकावे ते घर सुधारावे म्हणून, समाज सुधारावा म्हणून. शिकलेल्या मुलीचा मेंदू ऐंशीव्या वर्षी अधिक टिकेल असा हेतू कोणाचाही नव्हता. तरी तसे घडते. भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आहे असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. पुरुषांत ते ५.८ टक्के, बायकांत ९ टक्के. हा फरक का? बायका जास्त जगतात, हे त्याचे एक कारण. पण आज सत्तरीत असलेल्या पिढीत शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका किती आणि पुरुष किती, हा हिशेब केल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. स्मृतिभ्रंश टाळता येण्याजोग्या कारणांची यादी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये पुन्हा तयार केली. चौदा कारणे, आणि ती सगळी दूर झाली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबू शकेल असा अंदाज. लहानपणी कमी शिक्षण मिळणे हे त्या यादीत आहेच. ऐकू कमी येणे, मधुमेह, रक्तदाब, बैठी जीवनशैली, एकटेपणा हेही आहेत.

इथे एक शंका रास्त आहे. शिकलेली बाई बहुधा बऱ्या घरची असते. तिला दूध मिळते, डॉक्टर मिळतो. मग गुण शाळेचा की पैशाचा? या शंकेला मला सर्वांत चांगले उत्तर अमेरिकेतल्या जोगिणींच्या अभ्यासात सापडते. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या अभ्यासात ६७८ वृद्ध ख्रिस्ती जोगिणी होत्या. सारखे जेवण, सारखा निवारा, सारखे औषधपाणी. नवरा नाही, मुले नाहीत, तंबाखू-दारू नाही. म्हणजे घरची गरिबी-श्रीमंती तिशीनंतर जवळपास पुसली गेलेली. आणि तरीही ज्यांनी विशीत व्रत घेताना लिहिलेल्या आत्मवृत्तात विचार दाट होते, वाक्ये भरीव होती, त्यांच्यात म्हातारपणी स्मृतिभ्रंश कमी आढळला. शिकलेल्या मेंदूला आजार शिवतच नाही, असे नाही. तो आजार असूनही अधिक काळ काम भागवतो.

म्हणून मी निरक्षर आजीला ‘उशीर झाला’ असे सांगणार का? अजिबात नाही. आधी तर तिची परीक्षाच चुकीची घेतली जाते. स्मरणशक्तीच्या एका प्रचलित चाचणीत शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला देतात. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिच्या हातून पंचकोन कसा निघेल? पण भिशीत कोणाचे किती हप्ते राहिले, कोणत्या बाईने सव्वा महिन्यापूर्वी वाटीभर साखर नेली, हे ती बिनचूक सांगते. मिशन हॉस्पिटलच्या त्याच जुन्या वह्यांतल्या माणसांची, त्यांनी साठी गाठल्यावर, मेंदूची तपासणी पुन्हा झाली. तेव्हा कमी शिकलेल्यांवर अन्याय होऊ नये म्हणून मुद्दाम बांधलेली चाचणी वापरली गेली. ही काळजी मला फार महत्त्वाची वाटते.

आणि तुम्हा म्हैसूरच्या मराठी बायकांपाशी एक ठेव आहे. घरात मराठी, भाजीवालीशी कन्नड, शेजारणीशी कधी तमीळ, कधी उर्दू. हैदराबादला सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये छापला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेला दिसला, आणि हा फरक निरक्षरांतही होता. या एका अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये. इतर ठिकाणचे निष्कर्ष इतके ठळक नाहीत. तरी नातवंडांशी फक्त इंग्रजीत बोलून आपली मराठी आणि आपली कन्नड दोन्ही आटू देणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

सवयींबद्दल बोलताना वक्ते सहसा ‘चाला, योग करा, हलके खा’ असे सांगून मोकळे होतात. सल्ला खरा आहे. पण सवय लागायला वेळ लागतो, आणि बाईचा वेळ कोणाच्या हातात असतो? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. म्हणजे पाच तास आणि दीड तास. माझे आजचे मुख्य म्हणणे हेच आहे की शिक्षणाचा जो फायदा म्हातारपणी दिसतो, त्यातला मोठा भाग असा की शिकलेल्या बाईला स्वतःच्या वेळेवर, स्वतःच्या शरीरावर आणि दोन पैशांवर बोलायची हिंमत व अधिकार मिळतो. जिला तो मिळाला नाही तिला ‘रोज चाला’ म्हणणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणे.

वेळ फुप्फुसात कसा साठतो ते पाहा. म्हैसूर जिल्ह्यातल्या खेड्यांत चुलीच्या धुराचा अभ्यास झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात धुराचे माप अगदी साधे होते: चुलीपुढे रोज किती तास, गुणिले किती वर्षे. हा गुणाकार साठावर गेला की बायकांत जुनाट खोकल्याचा आणि कफाचा धोका लक्षणीय वाढलेला दिसला. आता हिशेब करा. अठराव्या वर्षी लग्न होऊन आलेली बाई चुलीपुढे रोज चार तास बसली तर तेहतिसाव्या वर्षी तिचे साठ भरतात. तेहतिशीत! तिने विडी ओढलेली नाही, तंबाखू खाल्लेला नाही. आमच्याकडे महाराष्ट्रात कित्येकींच्या बाबतीत त्यात मिश्रीची भर पडते. दात घासायला म्हणून जळका तंबाखू बोटावर घ्यायचा आणि दिवसातून चार वेळा घ्यायचा. ती सवय शाळेतल्या मुलीला लागू नये यासाठी शिक्षिकेइतके काम कोणताही डॉक्टर करू शकत नाही.

मुलांच्या संख्येचेही तेच: तीही बाईच्या हातात नसते. एकामागून एक बाळंतपणे झालेल्या बाईच्या शरीरातले लोह आणि कॅल्शियम भरून यायला मध्ये उसंतच मिळत नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. म्हैसूर संस्थानाने १९३० साली तेच काम सरकारी इस्पितळांत सुरू केले. जगातल्या पहिल्या सरकारी केंद्रांत त्यांची गणना होते. मुंबईत जे काम एकट्या माणसाला बोचले, ते इथे दरबाराने अंगावर घेतले. तुम्हा म्हैसूरकरांना याचा अभिमान वाटायला हवा.

पाळी जाण्याचे वय आपल्याकडे साधारण ४६-४७ आहे, पाश्चात्त्य बायकांहून चार-पाच वर्षे अलीकडे. तिथून हाडे झपाट्याने झिजतात. म्हणूनच २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातून आलेली बातमी मला विसरता येत नाही. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांत तरुण बायका पुष्कळ होत्या. गर्भाशयासोबत बीजकोशही गेले तर तिशीतली बाई हाडांनी एका रात्रीत पन्नाशीची होते. पाळीत रजा घेतली तर दंड, म्हणून शस्त्रक्रिया. या बायकांच्या म्हातारपणाची जबाबदारी कोण घेणार, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

हाडांसाठी तुमच्या या भागात औषध ताटातच आहे. नाचणीत, म्हणजे तुमच्या रागीत, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. पाळी गेलेल्या बाईची रोजची गरज १,२०० मिलिग्रॅम सांगितली आहे. शेतावरची माणसे इथे मुद्दे, म्हणजे रागीच्या पिठाचे शिजवलेले गोळे, खातात आणि शहरात आलेली मराठी घरे पोळी-भातावर राहतात. आठवड्यातून चार दिवस नाचणीची भाकरी किंवा मुद्दे आणि सोबत वाटीभर घट्ट वरण, एवढा बदल कोणालाही परवडतो. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीऐवजी दूध, शेंगदाणे, राजगिरा घेतला तर देव रागावणार नाही. आणि शिकलेल्या घरांनी बेफिकीर राहू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत वजन प्रमाणाबाहेर असलेल्या बायका देशात २४ टक्के, तर शहरांत ३३ टक्के होत्या. पदवी आहे, मोटार आहे, कामाला बाई आहे, आणि हातपाय दिवसभर स्वस्थ आहेत, असे वार्धक्य पदवीने सुधारत नाही.

चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांवर सकाळी मी एक आजी पाहिल्या. नवस असावा. एका हातात हळद-कुंकवाच्या वाट्या. प्रत्येक पायरीवर वाकायचे, बोट टेकवायचे, सरळ व्हायचे, पाय वर टाकायचे. नंदीपर्यंत सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्यांच्या गुडघ्यांत वाक होता, श्वास लागत होता, पण तोल एकदाही गेला नाही. म्हातारपणी बाईला जे लागते ते सगळे त्या चढणीत होते: मांड्यांची ताकद, तोल, आणि बरोबर चढणाऱ्या चार बायकांची सोबत. घरी तपासायचे असेल तर हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंदांत झाले नाही तर स्नायू उतरणीला लागले असे आशियाई तज्ज्ञांचे माप आहे. इथे बसलेल्या प्रत्येकीने आज रात्री करून पाहावे, भिंतीजवळ, कोणी शेजारी असताना.

योगाचे तर हे माहेरच. जगन्मोहन राजवाड्यात कृष्णम्माचार्यांची योगशाळा १९३३ मध्ये सुरू झाली. त्यांचे शिष्य आणि मेहुणे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते तिथलेच झाले. पण त्या योगशाळेच्या दाराशी इंद्रा देवी ही परदेशी बाई आली तेव्हा तिला आधी नकार मिळाला, आणि महाराजांनी शब्द टाकला तेव्हा प्रवेश मिळाला. ती १०२ वर्षे जगली. तेवढ्यावरून मी योगाने शंभरी गाठता येते असे म्हणणार नाही. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही. मला लक्षात राहते ते बंद दार. पुढे अय्यंगारांच्या कन्या गीताताईंनी स्त्रीच्या पाळीचा, गरोदरपणाचा, उतारवयाचा विचार करून योगावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा ते दार आतून उघडले.

उशीर कधीच होत नाही, याचे उदाहरण ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी येऊ लागल्या, पाटीवर स्वतःचे नाव गिरवू लागल्या. त्यांच्या स्मरणशक्तीत किती फरक पडला याचे माप कोणी घेतले असो वा नसो, अंगठा उठवणाऱ्या हाताने सही केली, दुपारी घराबाहेर जायचे ठिकाण मिळाले आणि सोबत मिळाली. आपल्याकडे साठीपुढच्या सुमारे निम्म्या बायका विधवा आहेत. एकटेपणा हा त्यांचा रोजचा आजार आहे आणि त्याला गोळी नाही.

मंडळाकडे माझे मागणे दोन गोष्टींचे. पहिली: वर्षातून एकदा इथे कानाची तपासणी ठेवा. नवऱ्याला ऐकू येईनासे झाले की यंत्र येते, बायकोला येईनासे झाले की ‘ती आपली तिच्याच नादात’ असे म्हणतात आणि ती हळूहळू बोलण्यातून बाहेर पडते. दुसरी गोष्ट मंडळाच्या वाचनालयाची. ते संध्याकाळी उघडते, म्हणजे नेमके तेव्हा जेव्हा प्रत्येक घरात कुकर लागलेला असतो. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ पासून पुण्यात प्रौढ बायकांचे वर्ग दुपारच्या वेळी चालवले, कारण तेवढीच वेळ त्या बायकांच्या हातात होती. आपणही दुपारी दोन ते चार दार उघडे ठेवा, चार खुर्च्या उजेडाजवळ लावा, मोठ्या टायपातली मराठी आणि कन्नड पुस्तके पुढच्या फळीवर घ्या. पुढच्या महिन्यापासून सुरुवात करता येईल.